नदी येताना

२ ऑक्टोबर
पहिल्या मुक्कामाचं लॉज

गट्टू,

पहिला मुक्काम गाठला. सायकल ठणठणीत, मीही ठणठणीत, फक्त बसायचा भाग आपला नाही असं वाटतंय. लॉजच्या मालकिणीनं गरम पाण्याची बादली न मागता वर पाठवली, म्हणजे चेहऱ्यावरून कळत असणार.

तू निरोप द्यायला आला नाहीस. छोटी बिचारी फाटकापर्यंत आली, सारखी डोळे पुसत होती, आणि मागे तुमच्या खिडकीचा पडदा हलत होता. चोपन्न वर्षांचा बाप्या पडद्यामागे लपतो, याला काय म्हणायचं? बायको तुझी, रडायचं तिनं, आणि रुसायचं तू. वाटणी बरी केली आहेस.

आदल्या दिवशी जे बोललास ते मी ओठांवरून नीट वाचलं. "बहिऱ्या बाईनं एकटीनं सायकलवर समुद्र गाठायला निघायचं म्हणजे जीव वर आलाय." अरे, बाइंडिंगच्या कारखान्यात नोकरी केली तेवढी वर्षं रोज सायकलनंच गेले ना? तेव्हा कान चांगले होते, असं म्हणशील. तेव्हाही कारखान्यातून बाहेर पडल्यावर तासभर काही ऐकू यायचं नाही. डॉक्टरांचं म्हणणं, निम्मे कान कटिंग मशीननं खाल्ले आणि निम्मे आईकडून आले.

तर ऐक. हँडलला दोन्ही बाजूंना आरसे लावले आहेत. पाठीवर पाटी आहे, ठळक अक्षरात: "मला ऐकू येत नाही. बाजूने जा." लोक ती वाचून इतके लांबून जातात की एक ट्रकवाला पार शेतात उतरला. आणि कानातली यंत्रं नवी आहेत, उत्तम चालतात. काळजीचं कारण नाही.

फोनवर मला कळत नाही, तेव्हा पत्रच लिही. धरणाखालच्या गावच्या पोस्टात पाठव, वर लिही की बाई स्वतः येऊन नेईल.

तुझी,
ताई

७ ऑक्टोबर
घर

ताई,

पडदा वाऱ्यानं हलत होता.

तू एक ठरवलंस की ठरवलं, हे मला चड्डीत होतो तेव्हापासून माहीत आहे, त्यामुळे परत ये असं लिहीत नाही. फक्त एवढंच लिहितो की परत ये.

आरशात मागचं दिसतं. बाजूचं दिसत नाही, वरचं दिसत नाही. दरड येताना आवाज करते. कुत्रं येताना आवाज करतं. पाणी तर फारच करतं. माझं सगळं आयुष्य पंपहाऊसमध्ये गेलंय, पाण्याबद्दल मला नको शिकवूस. तुझ्या रस्त्यावर धरणाच्या पलीकडे कोरडा मुलूख आहे, तिथल्या नद्या बारा महिने नुसती वाळू असतात. पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असलं तरी पाणी येतं. पाऊस दिसला तर असल्या नदीत पाऊल टाकायचं नाही. सायकल बसच्या टपावर टाक आणि पलीकडे जा. कुणी हसणार नाही. हसलं तरी तुला कुठे ऐकू येणार आहे?

इकडे सगळं ठीक. मी सध्या घरी आहे. साहेब म्हणाले, तुमची रजा पुष्कळ साठली आहे, थोडी घ्या. घेतली. सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. छोटी म्हणते मी हल्ली घरात ओरडूनच बोलतो, शेजारच्यांना आमच्याकडे रोज काय भाजी आहे ते पाठ झालंय. तिला माझं काही ना काही खुपतंच.

जेवत जा. पावसात सायकल चालवायची नाही.

गट्टू

११ ऑक्टोबर
धरणाखालचं गाव

गट्टू,

पत्र मिळालं. पोस्टातल्या माणसानं ते दोन्ही हातांनी दिलं, जणू सरकारी पदकच. पाठीवरच्या पाटीमुळे मला हल्ली फार मान मिळतो.

एक सांगू? माझ्यावरचा राग छोटीवर काढू नकोस. ओरडायचं असेल तर मोठमोठ्या अक्षरात मला लिही. ती गरीब आहे म्हणून ऐकून घेते. आणि रजा मिळाली आहे तर तिला घेऊन कुठेतरी जा. घरात बसून बहिणीच्या नावानं बोटं मोडण्यात कसली आली आहे रजा?

कालपासून ढग आहेत. सकाळी थोडा पाऊस भुरभुरला. तुझी पाण्याची शिकवणी नीट वाचली, तीनदा वाचली. उद्या कोरडा मुलूख सुरू होतो. तो ओलांडला की तालुक्याचं गाव, तिथलं पोस्ट. तिथे लिही.

ताई

१९ ऑक्टोबर
घर

ताई,

तुझं अकरा तारखेचं पत्र आलं आणि त्यानंतर काही नाही. पेपरात आलंय की कोरड्या मुलखात नद्या आल्या, रस्ता दोन ठिकाणी बंद आहे, एक फरशी वाहून गेली. फरशी म्हणजे नदीच्या पात्रातून जाणारा तो बुटका सिमेंटचा रस्ता. तू तिथून जाणार होतीस.

तालुक्याच्या पोस्टात फोन केला. सायकलवाली बाई आली का, असं विचारलं. तो काहीतरी लांबलचक बोलला, मला नीट कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी छोटीनं हातातून फोन ओढून घेतला. तिला म्हणाला, अजून नाही आली.

हे पत्र मिळालं की त्याच पावली तार कर, चिठ्ठी दे, कुणाला तरी फोन करायला लाव. दोन शब्द पुरेत.

मी निरोप द्यायला यायला हवं होतं.

गट्टू

२१ ऑक्टोबर
तालुक्याचं गाव

गट्टू,

मी जिवंत आहे, धडधाकट आहे. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझं पत्र आत्ताच हातात पडलं. पोस्टमास्तरांनी मला बसायला खुर्ची दिली आणि कागदावर लिहून दाखवलं, "तुमच्या घरून कुणीतरी फोनवर फार ओरडत होतं." त्यांनी लगेच छोटीला फोन लावला, तोपर्यंत मी इथेच बसले होते. म्हणजे बातमी तुला कळलीच असेल. आता बाकीचं सांगते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

कोरड्या मुलखात शिरले त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. जोराचा नाही, दिवसभर पडायचं असं ठरवून आलेला. कानातली यंत्रं साबणाच्या डबीत घालून पिशवीच्या तळाशी ठेवली. पाऊस मला ऐकू येत नाही, पण टोपीवर पडला की कपाळाच्या हाडात टिचक्या मारल्यासारखं होतं. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे तांबडी माती आणि काटेरी झुडपं, आरशात कुणी नाही, समोर कुणी नाही. सगळीकडे एकच करडा रंग. इतक्या मोठ्या जागेत मी एकटीच हलत होते. भीती नाही वाटली. आपण फार लहान आहोत असं वाटलं, आणि त्याचं बरं वाटलं.

दुपारी रस्ता एका नदीत उतरला. नदी कसली, वाळूच. लहानमोठे गोटे आणि मधून फरशी. तुझी शिकवणी आठवत होती. मी काठावर थांबले. वरच्या अंगाला बघितलं, वाळूत वाहतं पाणी कुठे नाही. बस यायची वाट बघितली, पुष्कळ वेळ. बस आली नाही. कुडकुडायला लागले. पलीकडच्या काठावर एक पत्र्याची खोली दिसत होती, धूर निघत होता. तो धूर बघून माझी अक्कल गेली असं म्हण. उतरले.

फरशी पावसानं निसरडी झाली होती म्हणून सायकल हातात धरून चालत होते. अर्ध्याच्या थोडी पुढे गेले असेन, तर खोलीतून एक बाई बाहेर आली आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली. मला इतकं बरं वाटलं! इतक्या वेळानं माणूस दिसलं. मी थांबले, हसले आणि मीही हात हलवला.

ती आणखी जोरात हात हलवायला लागली. मीही आणखी जोरात.

मग हँडल गुणगुणायला लागलं. ऐकू येत नव्हतं, तळहातात येत होतं. मला वाटलं चाकाचं बेअरिंग गेलं. सायकल उभी केली तरी थांबेना. खाली बघितलं तर घंटीची टोपी आपोआप थरथरत होती, तिच्यावरचे पावसाचे थेंब उड्या मारत होते. मग ते पायांतून चढलं, गुडघ्यांत, दातांत. समोर बाई काठावरून उतरून धावत येत होती, तिचं तोंड उघडं होतं, आणि मला एकदम कळलं की हा नमस्कार नाही.

मी धावले. सायकल सोडायला हवी होती, सोडली नाही. बाई फरशीच्या टोकापर्यंत आली, तिनं पुढच्या चाकाला हात घातला आणि मला सायकलसकट वर ओढलं. दोघी चिखलात बसलो. ती ओरडत होती, मी कानाकडे बोट दाखवलं. ती थांबली. माझ्या पाठीवरची पाटी वाचली, कपाळावर हात मारून घेतला, आणि मग माझी हनुवटी धरून मान वरच्या अंगाला वळवली.

गट्टू, मी नदी येताना पाहिली.

मला वाटायचं पूर म्हणजे पाण्याची भिंत. तसं नव्हतं रे. वळणावर आधी एक तपकिरी काठ दिसला, घोट्याएवढा, सरपटत येणारा. त्यात पाणी दिसतच नव्हतं. काटक्या, वाळकी पानं, शेंगा, फेस, सगळा पाचोळाच उठून चालत येत होता. त्याच्यापुढे सरडे, विंचू, नाना तऱ्हेचे किडे जीव घेऊन पळत होते आणि पांढरे पक्षी उड्या मारत त्यांना टिपत होते. काठ खड्ड्याशी आला की थांबायचा, खड्डा भरायचा, आणि पुन्हा निघायचा. प्रत्येक गोट्याला आधी वळसा घालायचा, मग पोटात घ्यायचा. बऱ्याच वर्षांनी घरी आलेलं माणूस प्रत्येक वस्तूला हात लावत फिरतं, तसा. एवढी मोठी गोष्ट, आणि सुरुवात इतकी सावकाश.

मग त्या काठामागून बाकीची नदी आली. ती कशी सांगू? मघाची वाळू, मघाची फरशी, मी उभी होते ती जागा, काही राहिलं नाही. अख्खं झाड उभंच्या उभं आलं, फांद्यांसकट, गोल फिरत, आणि आमच्यासमोरून निघून गेलं. पाणी मध्यभागी काठांपेक्षा उंच होतं, पाठ फुगवलेल्या जनावरासारखं. मी रडत होते की पाऊस होता, मला सांगता येणार नाही. भीती होतीच. पण भीतीच्या वर काहीतरी होतं, त्याला माझ्याकडे शब्द नाही. नुसते हात जोडावेसे वाटले, आणि कुणाला जोडायचे ते कळेना.

त्या बाईनं माझा हात धरून एका कातळावर पालथा ठेवला. कातळ आतून ठोके देत होता, जड, अनियमित. तिनं दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या. पाण्याखालून गोटे घरंगळत होते. मी मोठ्यानं विचारलं, "आवाज कसा आहे?" ती काही बोलली, मग मान हलवून स्वतःच्याच कानाला हात लावला आणि हात झटकला. तिलाही माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं! त्या काठावर आम्ही दोघी सारख्याच होतो. मग बराच वेळ आम्ही हातांनीच बोललो, आणि ती माझ्यापेक्षा चांगली बोलत होती.

नदी आली की फरशीच्या तोंडाशी साखळी लावायची, हे तिचं काम. तिच्या काठाची लावून झाली होती, माझ्या काठाची लावायला निघणार तर मी मधोमध. तिनं मला खोलीत नेलं, तिची कोरडी साडी दिली, कढत चहा दिला आणि यथेच्छ शिव्या दिल्या. ओठ वाचता येतात याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. पुढचा रस्ताही खचला होता, म्हणून तो दुरुस्त होईपर्यंत तिच्याकडेच राहिले. रोज काठावर जाऊन बसायचे. नदी हळूहळू उतरत होती, रंग बदलत होता.

आता तुझ्यापासून दडवलेलं सांगते. यंत्रं उत्तम चालत नाहीत. गेल्या थंडीपासून त्यांचा उपयोगच नाही. डॉक्टर म्हणाले, जे थोडं उरलंय तेही जाईल. त्यानंतर मी घरात बसून राहिलेले आवाज राखत होते. नळ सोडून ऐकायचे, कागद चुरगळून ऐकायचे. एक दिवस नळ चालू आहे हे मला डोळ्यांनी कळलं. त्याच आठवड्यात सायकलचे टायर बदलले.

तू म्हणाला होतास ते खरं ठरलं. ऐकू आलं असतं तर मी फरशीवर पाऊल टाकलं नसतं. हे मी स्वतःशी घासाघीस न करता मान्य केलंय. तरी पुढे जाणार आहे; पुढचं पत्र बंदराच्या गावच्या पोस्टात टाक. असली कुठलीही जागा आली तर ऐकू येणारं माणूस बरोबर असल्याशिवाय उतरणार नाही, हा शब्द. पण आवाज गेले की जग बंद होईल अशी जी धास्ती होती, ती त्या पाण्याबरोबर गेली. जग फार मोठं आहे रे. ते कानातच मावत असेल असं कसं समजले मी?

ताई

२५ ऑक्टोबर
घर

ताई,

फोन आला तेव्हा छोटी रडली. मी हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, एवढंच. पत्र आल्यावर मात्र मी ते घेऊन गच्चीवर गेलो.

तू सांगितलंस म्हणून मीही सांगतो. मी रजेवर नाही. पावसाळा सरताना मोठ्या पंपाचं बेअरिंग तपासलं. नेहमीसारखं, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानामागच्या हाडाला. म्हटलं, गुळगुळीत आहे, चालू द्या. बरोबरचा फिटर म्हणाला, "अहो, किंचाळतोय तो." मी त्याला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी पंप जॅम झाला, मोटरचं वाइंडिंग जळालं, अर्ध्या शहराला दोन दिवस पाणी नाही. साहेब चांगले आहेत, आधी डॉक्टरकडे जा म्हणाले. बारीक आवाज गेलेत. बाकीचे जातील. आईचे गेले, तुझे गेले, तसेच. आता मला स्टोअरमध्ये बसवणार आहेत, नटबोल्ट द्यायला.

हे छोटीलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं मी चिडलोय. चिडलो नव्हतो, माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. काल सांगितलं. ती म्हणाली, "मग एवढे महिने मी उगाच घाबरत होते?" आणि जेवायला वाढलं.

तू सायकल काढलीस तेव्हा मला काय झालं ते आता कळतंय. तू घरात, माझ्या नजरेसमोर बसून राहिली असतीस तर मला वाटलं असतं, बहिरं झाल्यावर माणूस निदान सुरक्षित राहतं. तू रस्त्यावर मेली असतीस तर माझंही सगळं संपलं असतं. बहीण म्हणून तर झालंच, पण मी पुढे कसा जगणार, तेही तुझ्याकडे बघूनच ठरणार होतं.

पत्र वाचून पंपहाऊसला गेलो. पंपावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिलो. तुझ्यासारखं काही झालं नाही. पंप नुसता थरथरला. फिटर म्हणाला, "काका, शॉक बसेल." तर तसं.

पण ती नदी डोक्यातून जात नाही. मी आयुष्यभर पाणी उपसलं, ते येताना कधी पाहिलं नाही. नळ सोडावा आणि यावं, एवढीच माझी त्याच्याशी ओळख.

समुद्रावर पोचलीस की चार दिवस थांब. मी बसनं येतो. पुढच्या सीटवर बसून येईन, दोन्ही बाजू बघत.

गट्टू

३ नोव्हेंबर
बंदराचं गाव

छोटी,

तुझा नवरा सुखरूप पोचला. तू बांधून दिलेला डबा त्यानं बसमध्येच संपवला, माझ्यासाठी झाकण आणलं.

बसमधून उतरला तेव्हा मी त्याला आधी पाहिलं. मान खाली, खांदे आवळलेले, गर्दीत कुणी बोललं की घाईघाईनं हो-हो म्हणत होता. मी ओळखलं. मीही तशीच हो-हो म्हणायचे, दोन-तीन वर्षं. जवळ जाऊन त्याचे खांदे धरले आणि म्हटलं, "कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं. हा पहिला धडा." तो म्हणाला, "काय?" आणि मग आम्ही दोघं स्टँडवर उभं राहून इतके हसलो की कंडक्टरनं विचारलं, सामान राहिलंय का.

त्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. चोपन्न वर्षांत! पंप बंद पडतील म्हणून कधी हललाच नाही. वाळूच्या कडेला आला आणि थांबला. बूट काढायचे सुचेना त्याला. पाऊस बारीक पडत होता, त्यामुळे समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. पाणी त्याच्या बुटांत गेलं तरी तसाच. मग म्हणाला, "हे कुणी चालवत नाही?" मी म्हटलं, "नाही." "बंद कधी होतं?" "होत नाही." त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

आज आम्ही बंदरावर गेलो. लाकडी धक्क्याच्या टोकाला मी उभी होते, ओल्या फळ्या पायांना बऱ्या वाटत होत्या म्हणून पायात काही नव्हतं. तो माझ्या शेजारी. एक भलं मोठं मालवाहू जहाज पावसातून हळूच बाहेर आलं. आधी नुसती सावली, मग तिला खिडक्या फुटल्या, मग ते आमच्यापुढे डोंगराएवढं झालं. धक्क्यावरची माणसं बोलत होती, हमाल गाडे ओढत होते. इतक्यात माझ्या तळपायांत फळ्या घुमायला लागल्या, घुमणं पोटात गेलं, छातीत भरलं. मी बघितलं तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. जहाजानं भोंगा दिला होता.

गट्टूनं हात वर नेले नव्हते. तो तोंड उघडं टाकून जहाजाकडे बघत होता, डोळ्यांत पाणी. जाड आवाज त्याला अजून येतात. भोंगा थांबल्यावर त्यानं घाबराघुबरा होऊन माझ्याकडे वळून पाहिलं. एवढं मोठं काहीतरी घडलं आणि बहिणीला मिळालंच नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

हळूच, अगदी हळूच, नुसते ओठ हलवून त्यानं विचारलं, "ताई, तुला कळलं?"

मी म्हटलं, "तुझ्या आधी."

तुझी,
ताई